बॅच विरुद्ध बॅच अशी माजी विद्यार्थ्यांची बास्केटबॉल स्पर्धा दरवर्षी टिकवायची, तर काय काय सांभाळावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या शाळेत यंदाच्या दिवाळीपासून दहावीच्या जुन्या बॅचेसची बास्केटबॉल स्पर्धा सुरू करायची आहे. पंचविशीतल्या पोरांसमोर पन्नाशीची माणसं उभी राहिली तर सामना बरोबरीचा कसा ठेवायचा, आणि दोन-तीन वर्षांत उत्साह ओसरला की स्पर्धा बंद पडते ते कसं टाळायचं, हे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, १९९८ च्या दहावीचा. गावातच कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे वर्षभर शाळेच्या वाटेवरच असतो आणि धावपळीची कामं माझ्याकडे येतात. आमची स्पर्धा २०१२ ला सुरू झाली. २०२० चं कोरोनाचं वर्ष सोडलं तर खंड पडलेला नाही. अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली आहे: ही स्पर्धा जिंकणाऱ्या संघाच्या जोरावर टिकत नाही. ज्या बॅचचे जेमतेम चार जण जमतात, त्या बॅचला तुम्ही कसं वागवता यावर ती टिकते. पुढे जे सांगतोय ते सगळं याच अंगाने वाचा.

आधी तारीख. आमची तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि दोन दिवस चालते. ती अशीच ठरलेली नाही. उन्हाळ्यात सुट्ट्या असतात, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि सिमेंटच्या कोर्टावर सकाळी नऊनंतर पाय ठेववत नाही. २६ जानेवारीला पुण्याचा माणूस एका दिवसाच्या सुट्टीसाठी रात्रभर ट्रॅव्हल्सने येत नाही. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, करावं असं आमच्या सरांना फार वाटायचं, पण तेव्हा पावसाचा भरवसा नसतो. दिवाळीत पुणे, मुंबई, हैदराबादची सगळी मंडळी घरी असतात. आणि भाऊबीजेला आपल्या वर्गातल्या मुलीही माहेरी आलेल्या असतात. हे दुसरं कारण आम्हाला पहिली दोन वर्षं सुचलंच नव्हतं. आम्ही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सामने ठेवायचो, आणि मुली का येत नाहीत म्हणून नवल करायचो.

या तारखेला एकच अडचण आहे, सोयाबीनची. भाऊबीज २०२२ ला २६ ऑक्टोबरला होती, २०२३ ला १५ नोव्हेंबरला, २०२५ ला २३ ऑक्टोबरला. दिवाळी लवकर आली की रास बाकी असते, आणि जे वर्गमित्र गावातच शेती करतात ते मळणी यंत्र सोडून येऊ शकत नाहीत. यावर तोडगा आमच्याच एका शेतकरी मित्राने काढला. सकाळी दव असतं, शेंग ओली असते, यंत्र दहा-साडेदहाशिवाय चालत नाही. म्हणून ज्या बॅचमध्ये शेती करणारे जास्त, त्यांचा सामना सकाळी सातला. नऊच्या आत खेळून, चहा पिऊन माणूस दहाला शेतात हजर. तुमच्या परभणीकडेही सोयाबीनच आहे, तेव्हा हे आधीच लक्षात घ्या.

तारीख एकदा ठरली की हलवू नका. २०१९ ची दिवाळी तुम्हाला आठवत असेल. परतीचा पाऊस थांबायचं नाव घेईना, गंजी भिजल्या, शेतातल्या सोयाबीनला कोंब फुटले. आम्ही त्या वर्षी स्पर्धा येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ढकलली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे लातूर-धाराशिवला त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला असतं, भज्जी, आंबील, उंडे. वाटलं, माणसं तेव्हाही गावाकडे येतातच की. आली, पण निम्मीच. मुलींची तर एकही बॅच नाही. पुढे कोरोना आला, आणि २०२१ ला पुन्हा सगळ्यांना गोळा करताना मला पहिल्या वर्षापेक्षा जास्त फोन करावे लागले. आता पाऊस असला तर आम्ही सामने छोटे करतो, चेंडू नेमात टाकायची नुसती स्पर्धा घेतो, काहीच नाही जमलं तर वर्गात बसून चहा घेतो. पण तारीख तीच.

आता बॅचमध्ये कोण, हा प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो, पण आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण यावरूनच झालं. पहिल्या वर्षी एका बॅचकडून दोन उंचेपुरे गडी उतरले. सहज डंक करायला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये दाबायला, जात होते. त्यांना शाळेत कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. पुण्यात एका क्लबकडून खेळणारे, बॅचमधल्या कुणाच्या तरी ओळखीचे. ती बॅच जिंकली, आणि संध्याकाळी बक्षीस समारंभाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसऱ्या वर्षी नियम केला: शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, दहावीपर्यंत नाव हवं. आम्हाला वाटलं विषय संपला. त्याच वर्षी पहिल्या सामन्याच्या वेळी मी पाहिलं, कंपाउंडच्या भिंतीला टेकून आमच्याच वर्गातला एक जण उभा होता. नववीच्या दिवाळीनंतर तो शाळेत परत आला नव्हता. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, ते वर्ष तसंच गेलं, मग परत यायचं राहूनच गेलं. शाळेत असताना आमच्यात सगळ्यात चांगला रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, घेणारा तोच. मी म्हटलं, आत ये, बूट देतो कुणाचे तरी. तो म्हणाला, "माझं दहावीला नाव कुठं हाय रे?"

क्लार्क काकांनी रजिस्टर काढून दिलं. जुनं, लाल कापडी बांधणीचं, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. पाचवीच्या प्रवेशाची ओळ सापडली: नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात. पुढे शाळा सोडल्याच्या रकान्यात लिहिलेलं, सतत गैरहजर, नाव कमी केले. त्याने कधी दाखलाही नेला नव्हता. ती ओळ आम्ही पाच-सहा जणांनी वाकून वाचली आणि तिथल्या तिथे नियम बदलला. पाचवी ते दहावी यांतलं एक वर्ष जरी त्या तुकडीच्या हजेरीत नाव असेल, तर तो त्या बॅचचा. मधेच एखादं वर्ष मागे राहिलेल्याने दोन्ही बॅचपैकी एक निवडायची, पण एकदाच, कायमची. तुम्ही हा नियम पहिल्याच वर्षी करा. तालुक्याच्या शाळेत वर्गातले कितीतरी जण दहावीपर्यंत पोचलेले नसतात, आणि खेळात मात्र तेच पुढे असायचे. तो मित्र आता दरवर्षी येतो. वर्षानुवर्षं कोयता धरलेल्या त्याच्या हातात चेंडू एकदा आला की कुणाला काढून घेता येत नाही.

कोर्टाबद्दल एक काम सांगतो, ते याच आठवड्यात करा: रिंगची उंची मोजा. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत ३.०५ मीटर, म्हणजे बरोबर दहा फूट हवी. आमच्याकडे २०१२ ला गवंड्याचा टेप लावला तर पावणेदहा फूट भरली. खांब तेच, बोर्ड तोच, मग तीन इंच गेले कुठे? उत्तर पायाखाली होतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वरचं काँक्रीट तडकतं. आम्ही शिकत असतानाच कधीतरी जुन्या तडकलेल्या कोर्टावर नवा तीन इंचाचा थर टाकला होता आणि रिंग वर उचलायचं राहून गेलं होतं. आमच्या कितीतरी बॅचेस आखूड रिंगवर शिकल्या. जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो की आमचे शॉट पुढच्या कडीवर का आदळायचे, हे मला चौदा वर्षांनी कळलं. सरांना ते दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या टेपकडे बघत राहिले. मग वेल्डरला बोलावून बोर्डाचा अँगल तीन इंच वर घेतला. तुम्ही नवं काँक्रीट टाकणार असाल तर आधी काळी माती काढून चांगला मुरूम दाबून भरून घ्या, आणि रिंगचं माप सगळ्यात शेवटी घ्या.

रेघाही जुन्या असतील. तीन गुणांची रेघ आमच्या वेळी ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून ती ६.७५ वर गेली. रिंगखालचा रंगवलेला भाग पूर्वी खाली पसरट असायचा, आता सरळ आयत आहे. जुन्या मंडळींना आणखी एक गोष्ट आधी सांगावी लागते. त्यांनी वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ आणि तीस सेकंदांचा खेळ, म्हणजे चेंडू मिळाल्यापासून तेवढ्या वेळात रिंगकडे टाकायचा, असा शिकलेला आहे. दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि चोवीस सेकंद हा बदल २००० सालचा. आम्ही आदल्या संध्याकाळी सगळ्या कॅप्टनना शाळेत बोलावून अर्धा तास नियम समजावून सांगतो, नाहीतर पहिल्या सामन्यात प्रत्येक शिट्टीला वाद.

बरोबरीचं कसं करायचं, हा तुमचा मुख्य प्रश्न. एकदा आम्ही गुणांची सूट देऊन पाहिली. मोठ्या बॅचला सुरुवातीलाच दहा गुण. सामना त्यांनी चार गुणांनी जिंकला, आणि संपल्यावर त्यांच्या कॅप्टनने, म्हणजे आमच्या सहा वर्षं आधीच्या दादांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी असं करणार असशील तर आम्ही येत नाही. ते रागावले नव्हते, त्यांना लागलं होतं. त्यानंतर आम्ही गुणांना कधी हात लावला नाही. खेळाचा वेग आवरला.

म्हणजे असं. दोन बॅचमध्ये दहा वर्षांपेक्षा जास्त अंतर असेल तर लहान बॅचने पूर्ण कोर्टावर प्रेस करायचं नाही, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्याच्या अंगावर जायचं नाही, चेंडू मधली रेघ ओलांडेपर्यंत मागे थांबायचं. क्वार्टर दहाऐवजी आठ मिनिटांचे. घड्याळ चालूच, फक्त शेवटच्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं शिट्टीला थांबतं. क्वार्टरमधली विश्रांती चाळिशीच्या पुढच्या बॅच असतील तर तीन मिनिटं. चोवीस सेकंदांचं यंत्र आमच्याकडे नाही, पाच सेकंद उरले की पंच अदमासाने "पाच" म्हणून ओरडतात. एवढ्याने होतं. प्रेस नसला की जुने खेळाडू चेंडू शांतपणे पुढे आणतात, आणि मग त्यांचे पास पाहण्यासारखे असतात. पंचविशीतल्या पोरांना तेव्हा कळतं की पळणं म्हणजेच बास्केटबॉल नव्हे.

आता ज्या बॅचचे पाच जमत नाहीत त्यांचं. पहिल्या वर्षी अशा तीन बॅचेसना आम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत पाठवलं. त्यातली एक बॅच पुढे चार वर्षं फिरकली नाही. आता आमच्याकडे दोन वाटा आहेत. एक, लगतच्या बॅचशी जोड. १९९१ आणि १९९२ मिळून एक संघ, पण ढालीवर दोन्ही वर्षं लिहायची. दुसरी, तिघांचा खेळ. थ्री बाय थ्री आता ऑलिम्पिकमध्येही आहे, टोकियोपासून. अर्धं कोर्ट, तीन खेळाडू आणि एक बदली, दहा मिनिटं किंवा आधी २१ होतील तोवर, आतून टाकला तर एक गुण, रेघेबाहेरून दोन. चार माणसांत एक बॅच उभी राहते. मुलींच्या बॅचेस आमच्याकडे यातूनच सुरू झाल्या. त्यांना निरोप मात्र त्यांच्या भावांमार्फत देऊ नका, त्यांच्यातल्याच एकीला सांगा. आमच्या १९९६ च्या ताईंनी फोन हातात घेतला तेव्हा पहिल्याच वर्षी तीन संघ झाले. त्यांचा वेळ दुपारनंतर ठेवतो, घरातलं जेवणखाण आवरल्यावर, आणि चेंडू सहा नंबरचा. लहान लेकरांना सांभाळायला वर्गखोली उघडी ठेवतो, सतरंजी टाकून.

आणि सरळ बाद फेरी ठेवू नका. आठ बॅचेस असतील तर बाद फेरीत सात सामने होतात आणि चार बॅचेस एकेक सामना खेळून मोकळ्या. रात्रभर बसने आलेला माणूस चाळीस मिनिटांत बाहेर. पहिल्या फेरीत हरलेल्या चौघांची वेगळी छोटी स्पर्धा लावा. तिचे तीनच सामने वाढतात, एकूण दहा, आणि प्रत्येक बॅच किमान दोनदा कोर्टावर उतरते. एका सामन्याला सगळं धरून पन्नास मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी सकाळी सातपासून चार, दुपारी चारनंतर दोन, उरलेले चार दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी पावणेसहाला अंधारून येतं, दिवे नसतील तर शेवटचा सामना चार पन्नासच्या पुढे सुरू करू नका.

दुखापतीचं मनावर घ्या. २०१६ ला आमच्या बॅचचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा खेळाडू, रिंगकडे निघाला आणि मधेच थांबून मागे वळला. त्याला वाटलं कुणीतरी टाचेच्या वर लाथ मारली. मागे कुणी नव्हतं. मला बाकावरून फट्ट असा आवाज आलेला. टाचेची शीर, अकिलीस टेंडन, तुटली होती. ऑपरेशन, मग सहा महिने. वर्षभर बसून काम करणारा तिशी-चाळिशीतला माणूस एका सकाळी एकदम धावला की नेमकं हेच होतं, असं आमच्याच बॅचच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून नावनोंदणी दीड महिना आधी घेतो आणि प्रत्येकाला सांगतो, आजपासून रोज अर्धा तास चाला, दोरीवरच्या उड्या मारा, पोटरी ताणा. सामन्याआधी दहा मिनिटं वॉर्मअप केला नाही तर पंच आत सोडत नाहीत, मग तो कुणी का असेना. छातीत किंवा डाव्या हातात दुखतंय, घाम फुटतोय असं कुणी म्हटलं तर त्याला लगेच बसवायचं आणि १०८ ला फोन, "जरा पाणी पितो, होईल ठीक" हे ऐकायचं नाही. लातूरकडच्या बॅचमध्ये दोन-तीन डॉक्टर नाहीत असं सहसा होत नाही, तुमच्याकडेही असतील. दोन्ही दिवस त्यांतला एक जण न खेळता मैदानावर हवाच.

पैशाचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक बॅचकडून सारखीच वर्गणी, मग त्या बॅचमध्ये बिल्डर असो की हमाल. रोख बक्षीस नको, ते आलं की बाहेरचे खेळाडू आलेच. पुढाऱ्याच्या फोटोचं बॅनर नको, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पुढाऱ्याची माणसं येत नाहीत. एक फिरती ढाल करा, लाकडी, तिच्यावर दरवर्षी बॅचचं साल लिहा. पंच जिल्ह्यातून बोलवा आणि मानधन द्या, आपल्यातलाच नको. गुणपत्रक मात्र शाळेतल्या आताच्या मुलांकडे सोपवा. आमच्याकडे गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी टेबलावर होती. एका वकील साहेबांचा पाचवा फाऊल झाला, म्हणजे सामन्यातून बाहेर, पण ते ऐकेनात. तिने पान त्यांच्यापुढे फिरवलं आणि पेनाच्या टोकाने पाचही खुणा मोजून दाखवल्या. ते मुकाट्याने बाकावर जाऊन बसले.

तुमच्या हातात आता थोडे दिवस आहेत, तेव्हा पहिलं काम रजिस्टरचं. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची नावं पाहायची आहेत, आणि पाहणी शाळेतच, क्लार्कसमोर करू, असं त्यात लिहा. फोटो काढू देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, सोबत वही न्या आणि नावं हाताने उतरवा. हे सगळं सुट्टी लागायच्या किमान आठ दिवस आधी उरका, कारण एकदा दिवाळीची सुट्टी लागली की त्या कपाटाची किल्ली क्लार्कबरोबर त्यांच्या गावाला जाते.